मोजलेला आकडा किती खरा?

समजा, घरातल्या यंत्रावर सकाळी तीनदा रक्तदाब मोजला. वरचा आकडा आला १४८, १४७, १४८. तिन्ही आकडे एकमेकांना इतके धरून आहेत, की शंका घ्यायला जागाच वाटत नाही. पण दंडाला गुंडाळलेला पट्टा मापाने लहान असेल, तर यंत्र तिन्ही वेळा सारखंच चढं दाखवतं. आकडे एकमेकांशी जुळले म्हणजे ते खऱ्याशीही जुळले, असं नसतं.

आज घराघरांत मोजण्याची साधनं आली आहेत. रक्तदाबाचं यंत्र, ग्लुकोमीटर, डिजिटल थर्मामीटर, वजनकाटा, जमीन मोजणारं मोबाइलमधलं अॅप. पडद्यावर आकडा दशांशासकट उमटतो आणि त्याच्या जोरावर आपण औषधाचा, पैशाचा, बांधाच्या वादाचा निर्णय घेतो. म्हणून आकडा हाती आल्यावर त्याची पारख कशी करायची, हे यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाला यायला हवं. त्यासाठी मोठं गणित लागत नाही. तीन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या की पुरे.

अचूकता, काटेकोरपणा, अंदाज

अचूकता म्हणजे मोजलेला आकडा खऱ्या किमतीच्या किती जवळ आहे. काटेकोरपणा म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजली तर येणारे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत. आणि अंदाज म्हणजे आपल्या कामाला पुरेल इतकी जवळची किंमत, किती कमी-जास्त चालेल हे ठाऊक असताना घेतलेली.

पहिल्या दोन गोष्टी एकत्रच नांदतात असं नाही. एखादा वजनकाटा रोज न चुकता दोन किलो जास्त दाखवत असेल, तर तो काटेकोर आहे, अचूक नाही. दुसरा कधी एक किलो कमी, कधी एक किलो जास्त दाखवत असेल, तर त्याचं एकेक माप बेभरवशाचं. पण अनेक मापांची सरासरी खऱ्या वजनाच्या आसपास येईल. यंत्र किती दशांश दाखवतं, हा प्रश्न या दोन्हींहून निराळा. पडद्यावर ६२.४५ उमटलं, एवढ्यावरून शेवटच्या ५ ला काही आधार आहे असं ठरत नाही.

यंत्रांची परीक्षा घेणारेसुद्धा हे दोन गुण वेगवेगळे तपासतात. दंडावरच्या स्वयंचलित रक्तदाब यंत्रांसाठी जी आंतरराष्ट्रीय कसोटी आहे, तिच्यात बऱ्याच माणसांवर यंत्राची मापं प्रशिक्षित तपासनिसांच्या मापांशी ताडतात. सरासरी फरक पाऱ्याच्या ५ मिलिमीटरच्या आत हवा, ही अचूकतेची अट. त्या फरकांचं विखुरणं, म्हणजे प्रमाण विचलन, ८ मिलिमीटरच्या आत हवं, ही काटेकोरपणाची. एका अटीत पास होऊन दुसरीत नापास झालेलं यंत्र चालत नाही.

एव्हरेस्टचे सहा आकडे

हा फरक डोळ्यांसमोर उभा करणारं फार मोलाचं उदाहरण आपल्याच सर्वेक्षणाच्या इतिहासात आहे. १८४९-५० मध्ये भारतीय सर्वेक्षण खात्याने बिहारच्या मैदानातल्या सहा ठाण्यांवरून, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपासच्या अंतरावरून, हिमालयातल्या ‘शिखर १५’चे कोन मोजले. पुढच्या आकडेमोडीत राधानाथ सिकदार या गणितज्ञाचा मोठा वाटा होता. सहा ठाण्यांवरून आलेल्या उंच्या फुटांत अशा होत्या : २८,९९१.६, २९,००५.३, २९,००१.८, २८,९९८.६, २९,०२६.१ आणि २८,९९०.४. सरासरी २९,००२. हीच उंची १८५६ मध्ये जाहीर झाली आणि शिखराला पुढे एव्हरेस्ट हे नाव मिळालं.

उंची नेमकी २९,००० आली होती आणि ती अंदाजे वाटू नये म्हणून वर दोन फूट जोडले, अशी एक गोष्ट सांगितली जाते. वरच्या सहा आकड्यांची बेरीज करून सहाने भागा. २९,००२ हाच आकडा येतो. गोष्टीपेक्षा आकडेमोड जास्त विश्वासाची.

आता हे आकडे दोन नजरांनी पाहा. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात जेमतेम ३६ फुटांचं अंतर आहे. इतक्या लांबून, थिओडोलाइट या कोन मोजणाऱ्या यंत्राने, दुसऱ्या देशातल्या शिखराची उंची मोजताना साधलेला हा काटेकोरपणा थक्क करणारा आहे. पण डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केलेली उंची आहे ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट. सहापैकी एकही आकडा तिथवर पोचत नाही. सगळेच्या सगळे एकाच बाजूला, कमी आहेत.

याचं कारण मोजणाऱ्यांचा हलगर्जीपणा नव्हता. शिखराकडून येणारा प्रकाशकिरण हवेच्या कमी-जास्त घनतेमुळे वाकतो आणि तो किती वाकला याचा हिशेब तेव्हा पक्का बसलेला नव्हता. हिमालयाचं प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढतं, त्यामुळे ‘सरळ उभं’ कशाला म्हणायचं आणि डोंगराखालची समुद्रसपाटी कुठे धरायची, हेही अवघड होतं. ही कारणं सहाही ठाण्यांवर सारखीच लागू होती. तिथे आणखी साठ ठाणी घेतली असती, तरी सरासरी फारशी सुधारली नसती.

दोन चुका, दोन उपाय

वाचकांनी या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल, तर ती ही. मोजमापात दोन जातींच्या चुका असतात आणि एकीचा उपाय दुसरीला चालत नाही.

पहिली चूक इकडे-तिकडे होणारी. हात हलतो, वारा येतो, टेप थोडी सैल राहते. कधी जास्त, कधी कमी. तिच्यावर उपाय म्हणजे पुन्हा मोजणं आणि सरासरी घेणं. चार मापांची सरासरी एका मापापेक्षा साधारण दुप्पट भरवशाची, नऊ मापांची तिप्पट.

दुसरी चूक एकाच बाजूला होणारी. काटा शून्यावर नाही, टेपचं टोक झिजलं आहे, पट्टा लहान आहे. शंभर वेळा मोजा, ती शंभर वेळा तशीच राहील. तिच्यावर उपाय एकच : आपलं साधन जास्त खात्रीच्या साधनाशी ताडून पाहणं.

ताडून पाहण्याची ही साखळी आपल्या व्यवहारामागे सतत उभी असते. दुकानदाराच्या वजनांवर आणि काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का लागतो आणि ठरावीक मुदतीत फेरतपासणी होते. विभागाची वजनं वरच्या मानकांशी ताडली जातात आणि ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाते. पॅरिसजवळ ठेवलेला धातूचा ठोकळा म्हणजे किलोग्रॅम, ही व्याख्याही २० मे २०१९ पासून बदलली. आता किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर ठरतो. ज्या ठोकळ्याशी जगाने ताडायचं, त्याचंच वजन काळानुसार किंचित हलत असेल तर काय करायचं, या काळजीतून हा बदल झाला. अचूकता नेहमी कुठल्या तरी विश्वासाच्या मापाच्या तुलनेतच कळते.

अंदाज कमी दर्जाचा नव्हे

अंदाजाला आपण उगाच हलकं समजतो. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने सांगितलं, की २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ असतो. म्हणजे गुणोत्तर ३.१४१६. आणि हा आकडा ‘आसन्न’, म्हणजे जवळचा आहे, हेही त्याने तिथेच नमूद केलं. इतका सरस आकडा हाती असूनही तो पूर्ण नाही, हे सांगण्याचा प्रामाणिकपणा प्रत्येक मोजणाऱ्याने शिकावा असा आहे.

अंदाज चांगला की वाईट, हे कामावर ठरतं. तीन मीटर व्यासाच्या विहिरीचा परिघ २२/७ धरून काढला, तर खऱ्यापेक्षा चार मिलिमीटरही जास्त येत नाही. दगडी बांधकामात त्याहून मोठा खडबडीतपणा असतोच. तिथे आणखी दशांश घेण्यात वेळच जाईल. पण ‘व्यासाच्या तिप्पट’ असा ढोबळ हिशेब धरला, तर परिघ ४२ सेंटिमीटर कमी येईल आणि कठड्याचं सामान कमी पडेल. म्हणून मोजायला बसण्याआधी हे ठरवावं : या कामात किती चूक खपते? भातात पाणी घालताना वाटीचं माप पुरतं. तान्ह्या बाळाच्या औषधात ते चालत नाही.

आधार नसलेले दशांश

अंदाजाने काढलेला आकडा एका एककातून दुसऱ्यात नेला, की त्याला नसलेला काटेकोरपणा चिकटतो. ‘दोन एकर असेल’ असं कुणी नजरेने सांगितलं. आपण गुणाकार करून कागदावर लिहिलं ०.८०९४ हेक्टर. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणी मोजणी करून आणली. इथे ‘सुमारे ०.८ हेक्टर’ एवढंच खरं.

शरीराच्या ‘नॉर्मल’ तापमानाचं असंच झालं. जर्मन वैद्य वुंडरलिख यांनी १८६८ च्या ग्रंथात असंख्य रुग्णांच्या नोंदींवरून ३७ अंश सेल्सिअस हा आकडा मांडला. त्याचं फॅरनहाइटमध्ये रूपांतर झालं ९८.६, आणि तो दशांशातला ६ जगभर पाठ झाला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी प्रौढांची सरासरी ९८.२ च्या आसपास निघाली. शिवाय तापमान पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असतं, माणसागणिक बदलतं. त्यामुळे ९८.६ च्या वर एखादा दशांश दिसला म्हणून घाबरू नये आणि खाली दिसला म्हणून अशक्तपणा आला असंही समजू नये.

मोबाइलवर जमीन मोजणाऱ्यांनी तर विशेष जपावं. अक्षांशाचा सहावा दशांश म्हणजे जमिनीवर सुमारे ११ सेंटिमीटर. अॅप तो बेलाशक दाखवतं. पण साध्या मोबाइलचं स्थान मोकळ्या आकाशाखालीसुद्धा पाचेक मीटरने इकडे-तिकडे असू शकतं. झाडाखाली, भिंतीलगत त्याहून जास्त. एका गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे दहा मीटर. पाच मीटर म्हणजे तिच्या निम्मं झालं. मोठ्या शेताला किती बियाणं लागेल हे ठरवायला असं माप चालेल. बांधाचा वाद त्यावर मिटवू नये.

मोजलं कुठे, तेही पाहा

आकडा अचूक असूनही चुकीच्या जागी लावला जातो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्याला ७३ मिलिमीटर. दोन्ही पर्जन्यमापकं बरोबर होती. पण यांतल्या कुठल्याही एका आकड्यावरून, किंवा दोन्हींच्या सरासरीवरून, ‘मुंबईत किती पाऊस पडला’ हे कळत नाही. माती परीक्षणासाठी शेतातल्या एकाच कोपऱ्यातली माती दिली, तरी असंच होतं. प्रयोगशाळा त्या कोपऱ्याचा आकडा अगदी बरोबर देते, आपण खत मात्र सगळ्या शेताला टाकतो. म्हणून अशा वेळी अनेक ठिकाणांहून मूठमूठ माती घेऊन ती एकत्र मिसळून नमुना द्यावा.

रोजच्या मोजमापांसाठी

*रक्तदाब.* पट्टा दंडाच्या घेराला बसणारा घ्या; लहान पट्टा आकडा चढा दाखवतो. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर टेकवा, दंड हृदयाच्या पातळीवर राहील असा हात टेबलावर ठेवा, मोजताना बोलू नका. दंड दहा सेंटिमीटर खाली राहिला, तर आकडा सात-आठ मिलिमीटरने वाढतो. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. डॉक्टरांकडे जाण्याआधी काही दिवस सकाळ-संध्याकाळ अशा नोंदी केल्या, तर त्यांच्या सरासरीला अर्थ असतो. आणि वर्षातून एकदा आपलं यंत्र दवाखान्यात नेऊन, त्याच हातावर, डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून घ्या. पुन्हा पुन्हा मोजण्याने जी चूक सापडत नाही, ती इथे सापडते.

*साखर.* घरच्या ग्लुकोमीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० किंवा त्यावरचे ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असले पाहिजेत. म्हणजे प्रयोगशाळेत १४० असेल, तर घरच्या यंत्रावर ११९ ते १६१ पर्यंत काहीही दिसलं तरी यंत्र मानकात बसतं. काल १३८ आणि आज १४६ आलं म्हणून जेवण किंवा गोळी बदलू नये, कल पाहावा. मोजण्याआधी हात धुऊन कोरडे करा, बोटाला फळाचा रस लागला असेल तर आकडा फुगतो. स्ट्रिपची मुदत पाहा, डबी घट्ट बंद ठेवा. पावसाळी दमट हवेत स्ट्रिप लवकर बिघडतात. प्रयोगशाळेशी ताडायचं असेल, तर उपाशीपोटी, नमुना देतानाच घरच्या यंत्रावरही मोजा. जेवणानंतर बोटातल्या आणि शिरेतल्या रक्ताचे आकडे मुळातच वेगळे असतात.

*ताप.* काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा कमी येतं. आजारपणात एकच थर्मामीटर आणि एकच जागा ठरवा, आणि नोंदीत जागा व वेळ लिहा. ताप चढतो आहे की उतरतो आहे, हे त्यावरून नीट कळतं.

*मुलांचं पातळ औषध.* घरातले चमचे एका मापाचे नसतात. बाटलीसोबत आलेलं झाकण, ड्रॉपर किंवा सिरिंज यांनीच मोजा. थेंब आणि सिरप यांत औषधाचं प्रमाण फार वेगळं असू शकतं, म्हणून एका बाटलीचं माप दुसरीला कधीही लावू नका. इथे अंदाजाला जागा नाही.

*वजन.* काटा सतरंजीवर न ठेवता सपाट फरशीवर ठेवा. रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी उठल्यावर, पोटात काही नसताना उभे राहा. एका दिवसात वजन किलोभर सहज बदलतं. त्यातला बराचसा भाग पाण्याचा असतो. आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडा. वजन कमी होतं आहे का, एवढंच पाहायचं असेल, तर एकच काटा वापरत राहिलात की तो थोडा चुकीचा असला तरी काम भागतं. औषधाचं प्रमाण वजनावर ठरणार असेल, तर मात्र दवाखान्यातल्या काट्यावरचं वजन सांगा.

*टेप आणि जमीन.* स्टीलच्या टेपचं टोकाचं हूक थोडं हलतं, ते बिघडल्यामुळे नव्हे. बाहेरून अडकवताना आणि आतून टेकवताना हुकाच्या जाडीचा फरक पडू नये, म्हणून ते तसं बनवलेलं असतं. ते ठोकून पक्कं करू नका. हूक वाकलेलं असेल, तर १० सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजा आणि शेवटी १० वजा करा. खिडकी मोजणाऱ्याने आणि तावदान कापणाऱ्याने शक्यतो एकच टेप वापरावी. जमिनीत लांबीची चूक क्षेत्रफळात दुप्पट होऊन उतरते : गुंठ्याच्या ३३ फुटी बाजूत चार-चार इंचांची चूक झाली, तर १,०८९ चौरस फुटांत साधारण २२ चौरस फुटांचा फरक पडतो. उतारावर टेप जमिनीला लावून मोजू नका, कारण क्षेत्रफळ आडव्या पातळीवरचं धरतात. दहा अंशांच्या उतारावर ३० मीटर मोजलं, तर आडवं अंतर २९.५४ मीटर असतं. ४६ सेंटिमीटर जास्तीचे. अशा ठिकाणी मिलिमीटर वाचण्यात काही हशील नाही. हद्दीचा प्रश्न असेल, तर भूमी अभिलेख विभागाची मोजणी मागवा. रोव्हर या उपग्रह-संकेतांवर चालणाऱ्या यंत्राने होणारी मोजणी सेंटिमीटरच्या पातळीवर जाते.

*पेट्रोल आणि बाजार.* पंपावर शंका आली, तर पाच लिटरचं शिक्क्याचं माप भरून दाखवायला सांगण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमाला मान्य आहे. त्याहून कमी भरलं तर तक्रार करा. भाजी तोलताना पारडं रिकामं असताना आकडा शून्य दिसतो का, हे पाहायला एक क्षण पुरतो, आणि त्या एका क्षणात एका बाजूची चूक पकडली जाते.

आकडा सांगताना

मोजणाऱ्याची जबाबदारी आकडा बोलताना आणि लिहिताना पूर्ण होते. आकड्याला आधार असेल तेवढेच अंक लिहा. गणकयंत्राने दिलेले सगळे दशांश उतरवू नका. अंदाज असेल तर ‘सुमारे’ लिहायला कचरू नका आणि शक्य असेल तिथे किती कमी-जास्त तेही सांगा : ‘सुमारे ४० पोती, दोन-तीन इकडे-तिकडे.’ एवढ्याने समोरचा माणूस गाडी लहान मागवायची की मोठी, हे ठरवू शकतो. मोजलेला आकडा असेल तर कशाने, कुठे, केव्हा मोजला, हे सोबत लिहा. दुसऱ्याने आकडा सांगितला तर आदराने विचारा : हे मोजलं की धरलं? मोजलं असेल तर पुन्हा मोजून तेवढंच आलं का? आणि ते साधन कधी कशाशी ताडलं होतं का?

मुलांनाही हे लवकर शिकवा. एकाच टेबलाची लांबी घरातल्या चौघांना वेगवेगळी मोजू द्या, आकडे लिहा, मग वेगळ्या टेपने पुन्हा मोजायला लावा. चौघांचे आकडे किती विखुरले आणि दोन टेपांत किती फरक पडला, हे त्यांना स्वतः पाहू द्या. व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे जास्त टिकतं.

आणि एक काम या आठवड्यातच करा. घरातल्या प्रत्येक मोजणाऱ्या साधनावर कागदाची छोटी पट्टी चिकटवा. ते कशाशी ताडून पाहिलं, कोणत्या तारखेला आणि फरक किती आला, एवढं तिच्यावर लिहा. ज्या साधनाची पट्टी कोरी राहील, त्याचा आकडा पक्का धरून कोणताही मोठा निर्णय घेऊ नका.